इवेजी

पिठाच्या गिरणीपुढं सात-आठ बाया डबे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या देखत ज्ञानू शालूबाईला म्हणाला, "वैनी, तुमी इवेजी हाय. मी न्हाई म्हणत, कोर्टानं लिव्हलंय."

एवढं बोलून त्यानं आपला डबा न दळताच डोक्यावर घेतला आणि चालता झाला.

शालूबाईला शब्द कळला नाही, पण तो कसा फेकला गेला ते कळलं. बायांनी एकमेकींकडं बघितलं. शब्द त्यांनाही कळला नव्हता. तरी एकीनं आपला डबा शालूबाईच्या डब्यापासून हळूच वीतभर बाजूला सरकवला. शालूबाईनं ते बघितलं. दळण होईस्तोवर ती तिथंच ताठ उभी राहिली आणि घरी येऊन पिठाचा डबा तिनं असा आदळला की झाकण उडून अंगणात गेलं.

ज्ञानू हा तानुबाईचा नवरा. शालूबाई आणि तानुबाई एकाच वैशाखात लग्न होऊन जांभूळमाळात आल्या होत्या. एकीला कळ आली तर दुसरीनं ओवा घेऊन पळत यायचं, असं दोघींचं. तानुबाईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

ती गेली ते दुष्काळाचं साल होतं. विहिरींनी तळ दाखवला होता, आणि जांभूळमाळाच्या खिंडीत पाझर तलावाचं सरकारी काम निघालं होतं. निम्मं गाव तिथं मातीच्या पाट्या वाहत होतं. कामावर मुकादम दोघं होते, सख्खे चुलतभाऊ. थोरला नाथाजी कणसे, धाकटा लालासाहेब कणसे. खडक लागला की सुरुंग उडवायचा. त्याचा नेम ठरलेला होता. आधी तीनदा शिट्टी, मग टेकाडावर लाल फडकं, माणसं आडोशाला गेली की मग वातीला आग.

त्या दिवशी दुपारी सुकडीचं वाटप लागलं आणि सगळी माणसं खालच्या बाजूला रांगेला गेली. तानुबाईच्या लक्षात आलं की दोघींच्या पाट्या खड्ड्याच्या कडेलाच राहिल्या. त्या आणायला दोघी परत वर आल्या. तानुबाई वीस पावलं पुढं होती. शालूबाईला खड्ड्यापाशी नाथाजी मुकादम वाकलेला दिसला. तोंडातली पेटती विडी त्यानं वातीला लावली आणि तो पलीकडं पळत सुटला. शिट्टी नाही, फडकं नाही. शालूबाईनं हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगळं आभाळ दगडांचं झालं. तिच्या कोपरात कपची घुसली. तानुबाईला ज्ञानूनं घोंगड्यात गोळा करून खाली नेलं.

पंचनाम्याला आलेला हवालदार जाणता माणूस होता. "वात कुणी लावली?" म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा शालूबाईनं पदर पुढं ओढून सांगितलं, "थोरल्या मुकादमानं. आमच्या मालकांच्या नावाचं हायत ते." हवालदारानं मान हलवली, शेजारच्या माणसाला नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

कारण शालूबाईच्या नवऱ्याचं नावही नाथाजीच. नाथाजी ढाणे, पलटणीत नाईक.

आणि नवऱ्याचं नाव शालूबाईनं जन्मात घेतलं नव्हतं. ही नुसती लाज नव्हती. एकाहत्तरच्या लढाईत तो सीमेवर होता. त्या चौदा दिवसांत तिची सासू तिला रोज बजावायची, "त्येचं नाव व्हटावर आणू नगंस. नाव घेतलं की आयुक्ष तुटतं. तिकडं गोळ्यांचा पाऊस हाय." तो धडधाकट परत आला. तेव्हापासून तिच्या मनात पक्कं बसलं होतं की आपण तोंड मिटून ठेवलं म्हणून तो आला.

तालुक्याच्या कोर्टात खटला उभा राहायला वर्ष गेलं. मधल्या काळात लालासाहेब कर्नाटकात कुठल्या धरणाच्या कामावर निघून गेला, तो सापडेना. मग मुकादमाच्या वकिलानं डाव टाकला. सुरुंग उडवला तो लालासाहेबानं, थोरला त्या वेळी तिथं नव्हताच, असं त्यानं मांडलं. शालूबाईची साक्ष निघाली त्याच तारखेला थोरला मुकादम आजारी पडला आणि वकिलानं त्याच्या गैरहजेरीचा अर्ज दिला. म्हणजे बोट दाखवून "हाच तो" म्हणायचीही सोय राहिली नाही.

"वात कुणी लावली?" वकिलानं विचारलं. गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, सावकाश बोलणारा माणूस होता.

"कणसे मुकादमानं."

"कणसे दोन आहेत. कुठल्या?"

"थोरल्या."

"थोरला कोण, धाकटा कोण, तू काय त्यांच्या बारशाला होतीस? नाव सांग."

शालूबाईनं पदर पुढं ओढला. मग म्हणाली, "आमच्या मालकांच्या नावाचं."

"तुझ्या मालकांचं नाव काय?"

ती खाली बघायला लागली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. कारकून मान वर न करता म्हणाला, "उखाणा घ्या बाई, उखाणा." मग सगळं कोर्टच हसलं. न्यायाधीशांनी टेबलावर पेन वाजवलं, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, नाव माहीत आहे की नाही?"

"ठावं हाय."

"मग सांगा."

"लालासाहेब न्हवं ते. दुसरं."

"कोण नव्हता ते मी विचारत नाही," वकील म्हणाला. "कोण होता ते सांग."

तिनं सरकारी वकिलाकडं बघितलं. तो पुढच्या खटल्याचे कागद चाळत होता. न्यायाधीशांनी कारकुनाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, कारकुनानं ते लिहून घेतलं, आणि तिला जायला सांगितलं. महिन्याभरानं मुकादम सुटला.

गावात बोलवा उठली की ढाण्यांच्या सुनेनं ऐन वेळी कच खाल्ली, कणशांनी तिचं तोंड बंद केलं. ज्ञानूनं निकालाची नक्कल काढली आणि शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतली. त्यातून त्याला तो शब्द मिळाला.

आता गिरणीवरनं तो गावभर झाला. नळावर बाया कुजबुजायच्या. एका तरण्या सुनेनं कामाला उशीर केला तर तिची सासू म्हणाली, "झाली का तू बी इवेजी?" शालूबाई मास्तरांकडं गेली. मास्तर घुटमळले. म्हणाले, "तसं काही वाईट नाही ते. म्हणजे, जरा आडपडदा ठेवणारी, असं काहीसं." डोळ्याला डोळा मात्र भिडवेनात. शालूबाई उठली. तिच्या लक्षात आलं की या गावात तिला खरं कुणी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच्या गाडीनं निघाली, उंब्रजला गाडी बदलली आणि सांगलीला भावाकडं गेली. बाळासो हळदीच्या वखारीत पोती शिवायच्या कामाला होता. बहिणीचं तोंड बघून त्यानं दाभण खाली ठेवलं. "आक्का, काय झालं?"

"मला विंग्रजी येणारा वकील पायजे. गोड बोलणारा नगं. खरं बोलणारा पायजे."

बाळासोच्या मालकांचे पाहुणे वकील होते, धन्यकुमार चौगुले. गावभागात घरीच त्यांची कचेरी होती. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. त्यांनी नकलेसाठी अर्ज केला आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी शालूबाई पुन्हा गेली. वकिलांनी निकाल आधी मनाशी वाचला, आणि वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडत गेली.

"बाई, शब्द आहे इव्हेजिव," ते म्हणाले. "मी फोड करून सांगतो. चुकवणारा, टाळणारा. विचारलेलं एक आणि सांगतो भलतंच, सरळ उत्तराला बगल देतो, असा माणूस. आपण म्हणतो ना, उडवाउडवी करतो."

"म्हंजी खोटारडी?"

"खोटारडी लिहायला पुरावा लागतो. याला लागत नाही, म्हणून तर कोर्टात हा शब्द वाईट. साक्षीदार एकदा इव्हेजिव ठरला की त्यानं सांगितलेलं सगळंच्या सगळं पाण्यात. तुम्ही शिट्टी वाजली नाही म्हणालात, विडी म्हणालात, पळाला म्हणालात, ते सगळं या एका शब्दाखाली गेलं."

"मी काय चुकवलं?"

त्यांनी बोट ठेवून वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. आरोपीचं नाव वारंवार विचारूनही साक्षीदारानं सरळ उत्तर दिलं नाही, ती टाळाटाळ करत राहिली.

शालूबाईची कानशिलं तापली. "आन् मी सांगितलं की लालासाहेब न्हवं, दुसरं. त्ये कुटं लिव्हलंय?"

वकिलांनी पानं मागंपुढं केली, साक्षीचा कागद पुन्हा पाहिला. "ते नाही लिहिलेलं."

"मालकांच्या नावाचं हायत, ह्ये सांगितलं. ते?"

"तेही नाही."

"मग चुकवलं कुणी?" तिचा आवाज असा चढला की आतल्या खोलीतून वकिलांची आई गुणमाला बाहेर येऊन दारात उभी राहिली. "मी तीनदा सांगितलं. तिनी येळा त्यांनी लिव्हलं न्हाई. मी नवऱ्याचं नाव घेत न्हाई ह्ये त्या वकिलाला ठावं न्हवतं? कुटल्या मुलखातनं आला हुता त्यो? त्येला सगळं ठावं हुतं. भर कोर्टात माजं हसं केलं, आन् वर मलाच..."

गुणमाला सुनेला म्हणाली, "पाणी आण गं हिला." मग लेकाकडं वळून म्हणाली, "धन्या, आता ह्याचं काय करायचं ते बघ." आणि आत गेली.

वकिलांनी सांगितलं की वरच्या कोर्टात अर्ज करता येईल, खटला पुन्हा चालवा म्हणून. मुदत अजून थोडी उरली आहे. पण अर्ज मयताच्या नवऱ्यानं करायला हवा, सही ज्ञानूची लागेल. "आणि दुसरं," ते म्हणाले, "पुन्हा साक्ष झाली तर नाव घ्यावं लागेल. मी आडमार्ग शोधत बसणार नाही. घ्याल?"

"सही आणते," शालूबाई एवढंच म्हणाली.

ज्ञानू गोठ्यात वैरण टाकत होता. ती सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि वकिलांनी दिलेला कागद तिनं गव्हाणीच्या कडेवर ठेवला.

"भावजी, हितं सही करा."

"तुमच्याशी मला बोलायचं न्हाई, वैनी."

"बोलू नगा. ऐका. त्या शब्दाचा अर्थ मी सांगलीस्नं आणलाय. टाळाटाळ करणारी. मी काय टाळलं ते तुमी मास्तराला इचारलं? मला इचारलं? तानीच्या नवऱ्याला ठावं न्हवतं माज्या मालकांचं नाव काय हाय ते?"

ज्ञानूचा हात वैरणीत तसाच राहिला. कोर्टात त्या दिवशी तो बाहेर व्हरांड्यात होता, तोही साक्षीदार म्हणून त्याला आत घेतलं नव्हतं. आत काय झालं ते त्यानं लोकांच्या तोंडूनच ऐकलं होतं.

"त्यापायी?" तो म्हणाला. "नुसतं त्यापायी?"

"व्हय, त्यापायी. आन् तुमी गिरणीपुढं माजा पंचनामा केला."

त्यानं सही केली. "वैनी, चुकलं माजं," असं काहीतरी तो पुटपुटला, पण शालूबाईनं कागद उचलला आणि मागं न बघता निघून आली. माफ करण्याइतकं तिचं मन त्या दिवशी मोकळं नव्हतं, आणि पुढंही बरेच दिवस झालं नाही.

दिवाळीनंतर तिचा नवरा महिन्याच्या रजेवर आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. नाथाजी अंगणात बाजेवर बसून बुटांना पॉलिश करत ऐकत होता. शब्द कानावर आला तसा त्याचा ब्रश थांबला.

"ह्यो शब्द आमच्यात हुकमात येतो," तो म्हणाला. "गाड्यांचा ताफा चाललाय, वरनं दुश्मनाचं इमान आलं, की साहेब वरडतो. इव्हेजिव ॲक्शन. म्हंजी गाडी नागमोडी पळीव, झाडाखाली घाल, उडी टाक, काय बी कर पर मारा चुकीव. ज्येनं चुकीवलं त्यो जगला. आमच्यात चुकवणाऱ्याला कोण वंगाळ म्हणत न्हाई."

शालूबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "तानीला कुणी हुकूम दिला?" ती म्हणाली. "एक शिट्टी. एवढंच पायजे हुतं. तिनं बी चुकीवलं असतं."

भाकरी तव्यावर करपली. मग तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नजर वर करून सांगितलं, "मी कोर्टात तुमचं नाव घेणार हाय."

"घे की. पलटणीत रोज सकाळी हजेरीला घेत्यात. अजून झिजलो न्हाई."

तो हसला. ती हसली नाही. त्याची रजा संपून तो परत गेला, त्या दिवशी फाट्यावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली, आणि नाव घेतलं की आयुष्य तुटतं ही भीती मनातून गेली नव्हती. ती भीती तिनं कुणाला सांगितली नाही.

साताऱ्याच्या जिल्हा कोर्टानं अर्ज मान्य केला. साक्ष नीट नोंदवली गेलेली नाही, खटला दुसऱ्या न्यायाधीशापुढं नव्यानं चालवावा, असा हुकूम झाला. पुढच्या उन्हाळ्यात तारीख लागली. या वेळी धन्यकुमार सरकारी वकिलाच्या जोडीला येऊन बसले होते, आणि मुकादमालाही हजर राहायला लावलं होतं. तो पांढऱ्या टोपीत, हात जोडून उभा होता. बचावाचा वकील मात्र तोच, घाऱ्या डोळ्यांचा.

"वात कुणी लावली?"

शालूबाईनं पदर डोक्यावरून मागं सारला. "नाथाजी बाबूराव कणसे," ती म्हणाली. "त्यो तिथं उभा हाय. लालासाहेब न्हवता. आन् माज्या मालकांचं नाव नाथाजी गणपत ढाणे. तुमी मागल्या बारीला इचारलं हुतं."

नाव तोंडातून गेलं. तिनं कठड्याला हात टेकला. मागं कुणी हसलं नाही.

वकील सावकाश म्हणाला, "गेल्या वेळी नाव येत नव्हतं. आज घडाघडा आलं. शिकवून आणलंय तुला."

"नाव तवा बी येत हुतं. मी का घेत न्हाई, ते तुमाला ठावं हुतं."

"मला कसं माहीत असणार?"

"तुमच्या आईनं तुमच्या वडलांचं नाव घेतल्यालं, तुमी कवा ऐकलंय?"

वकिलानं हातातला कागद उलटा केला आणि न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, साक्षीदार प्रश्नाला सोडून बोलतेय."

न्यायाधीश म्हणाले, "बाई, प्रश्न तुम्ही विचारायचे नाहीत. फक्त उत्तरं द्यायची."

"बरं साहेब. पर मी इचारलं आन् त्यांनी उत्तर दिलं न्हाई, एवढं लिवून घ्या. मागल्या बारीला माजं कुणी लिव्हलं न्हवतं."

कारकुनाचं पेन थांबलं होतं. न्यायाधीशांनी तिच्याकडं बघितलं, मग स्वतःच खाली मान घालून काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिला कळलं नाही. शिट्टी, फडकं, विडी, वीस पावलं, सगळं तिनं एकदा सांगितलं, पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रागानं आवाज फाटला तरी एका अक्षराचा फरक केला नाही.

मुकादमाला वर्षाची सक्तमजुरी झाली. वरच्या कोर्टात ती सहा महिन्यांवर आली. तेवढी भोगून तो बाहेर आला आणि दुसऱ्या तालुक्यात रस्त्याच्या कामावर लागला. ज्ञानूनं निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारातच फतकल मारून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शालूबाई त्याच्यापाशी उभी राहिली, पण त्याच्या पाठीवर तिनं हात ठेवला नाही.

निकालाची नक्कल मिळाली तेव्हा ती पुन्हा सांगलीला गेली. धन्यकुमारांनी तिचं नाव जिथं जिथं आलं होतं ते सगळं वाचून दाखवलं. साक्ष विश्वासार्ह आहे, असं लिहिलं होतं.

"आन् पयल्या कागदावरचा त्यो शब्द?" तिनं विचारलं. "खोडला का?"

"तो निकालच रद्द झाला, बाई. त्याला आता किंमत नाही."

"खोडला का, एवढंच इचारते."

वकिलांनी चष्मा काढला. "नाही. कागद तसाच दप्तरात राहतो. खोडायची रीत नाही."

"मग अर्ज लिवा. तालुक्याच्या कोर्टाला. ह्या बाईनं काय बी टाळलं न्हवतं, त्यो शब्द चुकीचा हाय, त्यो काढून टाकावा."

"असा अर्ज कुणी करत नाही. त्याला उत्तर येणार नाही."

"येऊ नगं. लिवा. मराठीत लिवा, म्हंजी मला वाचून घेता येईल कुणाकडनं बी. आन् त्यात विंग्रजी शब्द एकच येऊ द्या, त्यो. दुसरा नगं."

त्यांनी लिहिला. तिनं तो दोनदा वाचून घेतला, एका ठिकाणी "नम्र विनंती" होतं ते काढायला लावलं, आणि खाली अंगठा उमटवला. उत्तर आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा सांगलीला आली आणि बाळासोला म्हणाली, "चल वकिलाकडं, दुसरा अर्ज घालायचा हाय."